तिसऱ्याचा जांभळा, पाचव्याचा जांभळा

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळी ९ वाजून १० मि.

पाचव्याचा, म्हणजे नव्या लॅपटॉपचा, खोका उघडत होतो. डिझाइनच्या खोलीत, दार लावून. आधी हात धुतले, दोनदा पुसले. झाकण उचललं तसा खालचा भाग आपल्याच वजनाने सावकाश सुटत गेला. आत हवा शिरल्याचा बारीक आवाज. बाहेर माग चालू होते, तरी ऐकू आला.

तेवढ्यात मालक आत आले. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. "पूजा केलास का नाही रे मल्लू?" मग स्वतःच हळदीकुंकू लावलं, थेट लॅपटॉपच्या झाकणावर. ते गेल्यावर पुसलं. थोडी हळद कडेच्या फटीत राहिली.

जाताना म्हणाले, "लाखाच्या वर गेलंय हे. तुझ्या बोलण्यावर घेतलंय. हुबळीच्या पार्टीचं सॅम्पल पास झालं की ही खोली तुझी. न्हाय झालं तर डिझाइन बाहेर इचलकरंजीला देतो, तू परत पॅकिंगला. सरळ हाय की."

सरळ आहे. तरी दुपारी जेवण गेलं नाही.

मंगळवार, ७ जाने.

काम कमी. दुपारी पाचव्याच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत बसलो.

एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या लॅपटॉपच्या या पाच पिढ्या. पहिलं आमच्या कपाटात आहे, बंद पडलेलं. विटेएवढं जाड. बॅटरी मागून खटकन निघते, सीडीचा ट्रे जिभेसारखा बाहेर येतो. दुसरं मी कधी पाहिलंच नाही. फोटो पाहिलाय, तोही पाठीमागून. तिसऱ्यात ट्रे गेला, जाडी निम्म्यावर आली. त्यावरच मी डिझाइन शिकलो. बारावी अर्धी टाकून पॅकिंगला आलो, तिथून उचलून अण्णांनी त्याच्यासमोर बसवलं होतं. चौथं सात रस्ता चौकातल्या दुकानात काचेआड होतं. येता-जाता बघायचो. इतकं बारीक की त्यात वायर खुपसायला जागाच ठेवली नव्हती, दोन चिमुकली भोकं फक्त. लोकांनी बोंब मारली असणार. कारण पाचव्यात जुनी भोकं परत आली, अंगही किंचित भरलं. आजारातून उठलेल्या माणसासारखं.

सहावं कसं असेल? सातव्याला पडदा तरी असेल का? मागांच्या आवाजात डोळा लागला. स्वप्नात ते कधी न पाहिलेलं दुसरं दिसलं. झाकण उघडून माझी वाट बघत होतं.

बुधवार, ८ जाने.

हुबळीच्या चादरीची फाइल पाचव्यावर उघडली. तीच फाइल, तिसऱ्यावर केलेली. दिवाळीच्या आधी हुबळीचे व्यापारी बसप्पा स्वतः माझ्या शेजारी बसून रंग ठरवून गेले होते. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले होते, "हा जांभळा. दुसरा नको."

पाचव्यावर तो जांभळा उठून आला. अंगावर येतो म्हणा ना. मला वाटलं, लाखाचा पडदा आहे, रंग असेच दिसायचे. पहिल्यांदाच खरे दिसत असतील.

डाईंगमधून खाजाभाईंना बोलावलं. ते गेली कित्येक वर्षं पडद्याकडे बघूनच सूत रंगवतात. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"अरे बाप रे. ये तो एकदम जवान हो गया."

"जमेल ना?"

"दिख रहा है तो जमेगा. न्हाय दिसलं तर न्हाय जमणार."

शुक्रवार, १० जाने. सं. ५

सॅम्पल मागावरून उतरलं.

अण्णांनी चादर उजेडात धरली. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा चादरीकडे.

"हे काय हाय?"

"जांभळा, अण्णा."

"हा जांभळा? रंगपंचमीला पोरं तोंडाला फासतात तसला हाय हा. बसप्पाला दाखवू हे?"

खाजाभाईंना हाक गेली. ते तसेच ओल्या हातांनी आले. "जो दिख्या वोईच डाल्या मैं. पडदे को पूछो."

सगळे पडद्याकडे वळले. म्हणजे माझ्याकडे.

बसप्पा गुरुवारी, १६ तारखेला येणार. मध्ये गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी. अण्णा जाता जाता म्हणाले, "इचलकरंजीचा नंबर हाय माझ्याकडं." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शनिवार, ११ जाने.

तिसरं आणि पाचवं शेजारी शेजारी ठेवली. दोन्हीकडे तीच फाइल. तिसऱ्यावरचा जांभळा पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखा, आतून तांबूस, जरा दमलेला. पाचव्यावरचा निळसर, टक्क जागा. एकच नाव, एकच आकडे, आणि दोन रंग.

कंपनीने तिसऱ्यानंतर पडद्याची जात बदलली, एवढं वाचलंय. म्हणजे तिसरं जुन्या नजरेने बघतं आणि पाचवं नव्या. मधलं चौथं कसं बघत असेल? रंग पिढीगणिक थोडा थोडा जागा होत गेला असेल?

पाचव्याचा उजेड कमी केला, पिवळेपणा वाढवला. जवळ येतो आणि निसटतो. पांढरा बिघडला. मग हळदी बिघडला.

खाजाभाई दारातून डोकावले. "काय डिझायनर साहेब, दोन बायका सांभाळताय?"

हसू आलं नाही. नंतर आलं.

रविवार, १२ जाने.

घरी. आईने ताट वाढलं, दोनदा विचारलं, "ऊटा आयतेन?" जेवलास का म्हणून. समोर भाकरी तशीच, वाटीत दाळ. दाळीचा पिवळा बघत होतो. हा कुठल्या पडद्यावरचा?

आई म्हणाली, "त्या मिशनीनं तुला खुळं केलंय." मग कन्नडमध्ये आणखी काहीतरी, देवाला उद्देशून.

दुपारी झोपलो. स्वप्नात मी बसप्पांच्या हुबळीच्या दुकानात. फळ्यांवर चादरींऐवजी लॅपटॉपच्या घड्या घालून ठेवलेल्या. बसप्पा एकेक उलगडतात, झटकतात, म्हणतात, पुढचा दाखव. मी पुढचा उलगडतो. तो संपतच नाही, नुसता जांभळा जमिनीवर साठत जातो. घाबरलो नाही. त्यात पाय बुडवून उभा राहिलो.

सोमवार, १३ जाने. स. ११

सापडलं.

तिसऱ्याचा पडदा पुसत होतो. नवं मऊ कापड आणलं होतं. डाव्या कोपऱ्यात कापड अडकलं. नखाने बघितलं. कड होती. उचलली गेली.

प्लास्टिक! कारखान्यातून येताना पडद्यावर चिकटवलेलं असतं ते. कोणी काढलंच नव्हतं. इतकी वर्षं. कोपऱ्यातून नखाएवढा तुकडा उचलला तर खाली पडदा काल जन्मल्यासारखा. आणि त्या नखाएवढ्या जागेत पाचव्याचाच जांभळा. तोच, टक्क जागा.

म्हणजे तिसऱ्याची नजर जुनी नव्हतीच. तिच्यावर चहाच्या रंगाचा पापुद्रा होता. डाईंगच्या वाफेने, सुताच्या धुळीने पिवळा होत होत गेलेला, इतका हळू की रोज बघणाऱ्यालाही कळला नाही. मी त्याच्यातून शिकलो. खाजाभाईंनी त्याच्यातून रंगवलं. बसप्पांनी त्याच्यावर बोट ठेवलं.

अण्णांना बोलावलं. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही.

"मीच ठेवलेलं. नव्या वस्तूचं प्लास्टिक काय काढायचं असतं व्हय? माझ्या गाडीच्या सीटचं बघ."

"अण्णा, त्यामुळे रंग..."

"रंग चांगला येत होता की! हुबळी, गदग, सगळीकडं तोच खपला. काढ ते आणि नव्याला लाव."

खाजाभाई खदखदून हसले. "नये दुल्हे को पुराना सेहरा."

दु. ४. लावलं. श्वास धरून, पट्टीने, कापडाने दाबत. रुंदी बरोबर बसली. पण तिसऱ्याचा पडदा बसका होता, पाचव्याचा उंच. या पिढीत कंपनीने पडदा खालच्या बाजूला वाढवला, हे मीच अण्णांना खरेदीआधी कौतुकाने सांगितलं होतं. खाली दोन बोटं पट्टी उघडी राहिली. वर सगळा पिकलेला जांभळा, खाली दोन बोटं पाचव्याचा. मध्ये एक सरळ रेघ.

अण्णांनी मान तिरकी करून बघितलं. "खालची पट्टी कागदानं झाक. गिऱ्हाइकाला दोन दोन रंग कशाला?"

कागद कापून चिकटवला. खाजाभाईंनी वरच्या भागाकडे बघून सुताच्या लड्या उकळत्या पाण्यात टाकल्या.

पडद्याच्या काठावर चिकटपट्टी.

मंगळवार, १४ जाने.

सुट्टी. आईला घेऊन गड्ड्यावर गेलो. पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातली माणसं गर्दीतून चालली होती. पांढरा शुभ्र, आणि बल्बच्या खाली आला की पिवळसर, आणि सावलीत निळा. माणूस तोच, चालणंही तेच. आईला विचारलं, "कोणता पांढरा खरा?"

"धुतलेला," आई म्हणाली.

आकाशपाळण्यात बसलो नाही. खालून बघत राहिलो. वर जाणारं प्रत्येक तोंड एका रंगाचं, खाली येणारं दुसऱ्या. बराच वेळ. आईने बाही ओढली तेव्हा कळलं, मी मधोमध उभा आहे आणि लोक मला वळसा घालून जातायत.

बुधवार, १५ जाने.

दुसरं सॅम्पल उतरलं. बरोब्बर तोच. दिवाळीआधीचा. अण्णांनी पाठीवर थाप मारली. "झालं की! उगा घाबरतोस." पहिली चादर घडी घालून सुताच्या रिकाम्या कोनच्या पोत्याखाली सारली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, दुपारपर्यंत. मग पाचव्यासमोर बसलो. कागद, चिकटपट्टी, हवेचे दोन फुगे, वर चहाचा पापुद्रा. पाच पिढ्या लागल्या त्याला इथपर्यंत यायला. ट्रे सोडला, वजन सोडलं, भोकं सोडली, परत घेतली. आणि इथे येऊन काय बघायला लागलं, तर जे तिसऱ्याला दिसत होतं तेच.

पण तेही खोटं म्हणवत नाही. गदगच्या कितीतरी घरांत लोक तो रंग पांघरून झोपलेत.

गुरुवार, १६ जाने.

सकाळी अण्णा येण्याआधी कागद काढला. का, ते लिहिता येत नाही. तीन वेळा लिहून खोडलं. चिकटपट्टीचा डाग राहील म्हणून, असं सांगेन कोणी विचारलं तर.

बसप्पा अकराला आले. धोतर, वर कोट, हातात पानाची पुडी. दुसरं सॅम्पल मांडीवर घेतलं, बोटांत चुरगाळलं, नाकाशी नेलं. "इदे. इदे नोडु." हाच, बघ. अण्णांचा चेहरा सुटला. चहा सांगितला.

मग बसप्पांनी चष्मा लावून पडद्याकडे बघितलं. नक्षी वरून खाली बघत आले आणि रेघेपाशी थांबले. खालच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"एनिदु? हे काय?"

अण्णा म्हणाले, "ते काय न्हाय. मिशनीचं हाय ते."

बसप्पा माझ्याकडे वळले. कन्नडमध्ये विचारलं, "तू सांग. तोच रंग आहे ना हा?"

"होय. वर प्लास्टिक आहे. खाली नाही."

"दिवाळीत मी बघितला तो?"

"प्लास्टिकमधून."

चहा आला. बशीत ओतून प्यायले, सावकाश, दोन्ही रंगांकडे बघत. अण्णांचा पाय टेबलाखाली हलत होता. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. बाहेरचा कुठलाच रंग आठवत नाही.

"याचं सॅम्पल केलं असेल की. नाही केलं?"

अण्णांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मग स्वतः उठले, पोत्याखालून पहिली चादर काढली.

बसप्पांनी दोन्ही मांडीवर घेतल्या. एकीवर एक. मग दुसरी वर. "लहान सून हाच घेईल," जाग्या जांभळ्यावर हात ठेवून म्हणाले. "आणि म्हातारी दुसरा." स्वतःशीच हसले. "मी कोण सांगणार? दोन्ही नेतो. दुकानात टांगतो. सोमवारी फोन करतो."

"म्हणजे ऑर्डर पक्की?" अण्णा.

"रंग पक्का होऊ दे की अण्णा."

गाडी गेल्यावर अण्णा खोलीच्या दारात उभे राहिले. "कागद कुटं हाय?"

"काढला."

"का?"

डागाचंही सुचलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग पडद्याकडे. म्हणाले, "सोमवारपर्यंत हात लावू नको त्याला. वरच्याला पण न्हाय, खालच्याला पण न्हाय." रागात होते की नाही, कळलं नाही. जाताना दार ओढून घेतलं, हळू.

शुक्रवार, १७ जाने. सं. ६

हात लावला नाही. समोर बसून टॉवेलची साधी किनार काढली, रेघेच्या वर. खाजाभाई येऊन गेले. "क्या बोल्या हुबळी?" सोमवारी कळेल, म्हटलं. "तो फिर पॅकिंग में जगह रखूं?" म्हणाले, पण खांद्यावर हात ठेवून.

लॅपटॉप बंद केल्यावर ऊन तिरकं आलं तेव्हा पापुद्र्यावर धुळीचे कण सोन्यासारखे दिसले. खालची दोन बोटं नुसती काळी, खोल. त्यात माझं तोंड दिसत होतं, हनुवटीपासून ओठापर्यंत.

या आठवड्याचा हिशोब:

मऊ कापड, एक — रु. ६०
चिकटपट्टी, कागद — रु. ३५
गड्डा, आई आणि मी — रु. २१०
खाजाभाईंना चहा-भजी — रु. ८०
एकूण खर्च — रु. ३८५

अण्णांकडून घेतलेली उचल, देणं — रु. २,०००
पहिल्या सॅम्पलचं सूत आणि रंग — रु. १,३४०. कोणाच्या नावावर टाकायचं, अण्णांनी सांगितलेलं नाही. दोनदा विचारायला गेलो, दोनदा दारातून परत आलो. पुढे नाव लिहिलेलं नाही.