शीतगृहाच्या दाराविषयी

माझी सून सौ. योगिनी हिने लिहिलेल्या 'आबांचे अवकाशयान' या बालकादंबरीच्या शेवटी शीतगृहाचे यंत्र आत अडकलेल्या मुलीला ओळखते व दार आपोआप उघडते. तसे घडलेले नाही. दार आमच्या शीतगृहावरच्या गड्याने, गोटीरामने, उघडले. माझी नात चैताली हसत बाहेर आली नाही. तिचे ओठ निळे पडले होते आणि तिला बोलता येत नव्हते.

ही दुरुस्ती प्रथम नोंदवून मी, खंडेराव तुकाराम विधाते, वय ७९, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार नाशिक, बुद्धी ठिकाणावर असताना व कोणीही भरीस न घालता माझ्या मालमत्तेची पुढील व्यवस्था करतो.

१. नाशिकचे राहते घर मुलगा रवी यास. बँकेतील ठेव चैतालीच्या शिक्षणास.

२. पिंपळगाव बसवंत येथील द्राक्षांचे शीतगृह रवीस मिळावे; मात्र दाराला आतून उघडणारा दांडा बसल्यानंतरच. क्रेट अडकतात म्हणून रवीने तो काढला. आत जाणाऱ्याने चपला उंबऱ्याशी सोडून तिथले गमबूट घालायचे, आणि चपला दिसल्या तर दार लावायचे नाही, असा आमचा रिवाज. चैताली त्या दिवशी अवकाशवीर झाली होती, आणि अवकाशवीर बूट काढत नाहीत. उंबऱ्याशी काही दिसले नाही, म्हणून दार लागले. मालाचा पुढचा टेम्पो आला, म्हणून उघडले. तो आला नसता तर, हे वाक्य मी पूर्ण करत नाही.

३. योगिनी म्हणते, "अण्णा, ती प्रतीकं आहेत. अवकाश म्हणजे घरातल्या माणसांमधलं अंतर. यंत्राची घरघर म्हणजे तुमची माया."

"यंत्राला माया नसते, सूनबाई. तापमान असते."

प्रतीके मी आयुष्यभर शिकवली. ही उत्तम आहेत, म्हणूनच मला भीती वाटते. पुस्तक वाचून चैताली मैत्रिणींना घेऊन त्याच दाराशी आली. मी हात धरला, तर म्हणाली, "आबा, घाबरता काय? ते मला ओळखतं."

रवीला दांड्याचे विचारले की म्हणतो, "हंगाम तर उरकू द्या, अण्णा." तोवर मी त्या दारापुढे खुर्ची टाकून बसतो. माझ्यामागे तिथे कोण बसेल, या धास्तीने हे लिहिले आहे.

४. माझे शब्दकोश योगिनीस. पुढील आवृत्तीत शेवट बदलावा. ऱ्हस्व-दीर्घही पाहावेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

खंडेराव तुकाराम विधाते
साक्षीदार: ज्ञानेश सोनवणे, अंबूबाई गांगुर्डे
नाशिक, १० फेब्रुवारी २०२६

जोडपत्र: कादंबरीतील तारखांची दुरुस्ती

चैताली आत अडकली: कादंबरीत दिवाळीची सुट्टी, वस्तुतः १७ मार्च २०२४, ऐन हंगामात.

शाळेत परतली: कादंबरीत दुसऱ्याच दिवशी, वस्तुतः ८ एप्रिल २०२४.

मैत्रिणींसह पुन्हा दाराशी आली: कादंबरीत नाही, १ फेब्रुवारी २०२६.

आतला दांडा बसवला: कादंबरीत त्याच संध्याकाळी, वस्तुतः ____________. ही जागा रवीने भरावी, शक्यतो माझ्यादेखत.