पुट्टीखालचा पत्रा

दौंड,
१४ सप्टेंबर २००३

प्रिय सत्या,

जय भीम. तुझं इंग्लंडहून पाठवलेलं पार्सल मिळालं. काचेचं रबर, दारांची कुलपं, पुढच्या जाळीवरचा तो आठ कोनांचा बिल्ला, सगळं धडधाकट पोचलं. परवा फोनवर तू विचारलंस, गाडी कुठवर आली, आणि मी म्हणालो, पावसामुळं पेंट थांबलाय. खोटं बोललो. दौंडात यंदा पाऊस आहेच कुठं? लाईन खराब आहे असं सांगून मी फोन ठेवला, कारण बूथबाहेर माणसं उभी होती आणि माझा आवाज माझ्या ताब्यात नव्हता. अजूनही नाही. म्हणून लिहायला बसलोय. आधी लिहिलेले कागद फाडून टाकले. हा फाडणार नाही.

जूनमध्ये तुझ्या आईनं, झुंबरकाकूंनी, आबा कारखान्याच्या मीटिंगला गेल्याचं बघून तुमच्या गावच्या, न्हावऱ्याच्या शेडमधून गाडी टेंपोत चढवून दिली, तेव्हा त्यांना लहान पोरीसारखं हसू येत होतं. दिवाळीला नवऱ्याला चकित करायचं म्हणून. इथं उतरवली तर सगळं गॅरेज गोळा झालं. कुरकुंभच्या कंपन्यांच्या जीपा आणि उसाचे ट्रक ठोकून माझे हात कंटाळले होते रे. एवढीशी दोन माणसांची लाल विलायती एमजी, पाण्यासारखी वळणं घेत मागं गेलेली मडगार्डं, आणि आत चक्क लाकडाचा सांगाडा! मागचं लाकूड कुजलं होतं, ते सुताराकडून नवीन करून घेतलं. मग मी डाव्या बाजूला हात घातला.

उजवीकडं रंगाखाली चांगला पत्रा होता. डावीकडं मात्र पुट्टीच पुट्टी, भाकरीएवढी जाड. कुणीतरी घाईनं थापलेली. एकही पोचा काढलेला नाही, नुसता झाकलेला. मी गॅसनं तापवून ती खरवडली आणि खालचा पत्रा उघडा पडला तसा बघतच राहिलो. तुला ठाऊक आहे, पोचा बघून आम्हाला कळतं गाडी कशाला लागली ते. खांबाचा पोचा लांबट असतो, म्हशीचा पसरट. हे त्यातलं काहीच नव्हतं. बॉनेटवर, मडगार्डावर, दारावर लहान लहान, खोल, चौकोनी तोंडाचे घाव. कुठंकुठं पत्रा फाटलेला. एकावर एक पडलेले. गाडी कशाला धडकलीच नव्हती. तिला कुणीतरी मारलं होतं. एकानं नाही, बऱ्याच जणांनी. तुला तेव्हा फोनवर मी म्हणालो होतो की तुझ्या आबांची गाडी कुणीतरी खलबत्त्यात कुटलीय, आणि आपण दोघं केवढे हसलो. ते हसणं आता कानात वाजतं.

आई गॅरेजवर कधी येत नाही. ठोकाठोकीचा आवाज तिला सहन होत नाही म्हणते. त्या दुपारी मात्र माझा डबा घरी राहिला म्हणून स्वतः घेऊन आली. दारातच थांबली. मी म्हणालो, ये की आत, ही बघ साहेबाच्या देशातली गाडी. तिनं डबा खाली ठेवला आणि गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली. पोचा आम्ही डोळ्यापेक्षा तळहातानं जास्त बघतो. आई तसाच हात फिरवत होती, सावकाश, एकेका घावावर. मग म्हणाली, "न्हावऱ्याची गाडी हाय ही." सत्या, गाडी कुणाची ते मी तिला सांगितलंच नव्हतं. पेंट होऊन झळकल्यावर सांगणार होतो. मी विचारलं, तुला काय माहीत? तिनं बॉनेटवर बोट ठेवलं. "ह्यो घाव माझा. ह्यो बी माझाच. आन् ह्यो तिरका हाय न्हवं, ह्यो अनसाबाईचा. ती डावखुरी व्हती."

मला वाटलं, आईचं डोकं फिरलं. तिला बसवलं, पाणी दिलं. पाणी ती प्याली नाही, भांडं हातात धरून सांगत राहिली. मी तुला ते जसंच्या तसं सांगायचा प्रयत्न करतो.

बहात्तरच्या दुष्काळात आमचं घर न्हावऱ्यातच होतं. हे मला आजवर माहीत नव्हतं. आमचं मूळ गाव शिरूरकडं कुठंतरी, एवढंच सांगितलेलं. दुष्काळी कामावर रस्त्याच्या कडेला बायका खडी फोडायच्या. आई, अनसाबाई, आणखी पुष्कळ. तान्ही पोरं बाभळीखाली ठेवायची, कुणी झोळीत, कुणी खाली फडक्यावर. माझी थोरली बहीण तेव्हा रांगत होती. गौतमी नाव तिचं. मला बहीण होती आणि ती पान लागून, म्हणजे साप चावून गेली, एवढं मला लहानपणापासून ठाऊक होतं. तू आमच्या घरी यायचास तेव्हा तुलाही मी ते सांगितलं असेल.

तिला साप चावला नव्हता, सत्या.

तुझ्या आजोबांनी ती गाडी पुण्यातून नुकतीच आणलेली. आबा तेव्हा एकवीस-बावीसचे असतील. रस्ता खडीच्या ढिगांनी अडलेला, म्हणून त्यांनी गाडी खाली उतरवली आणि बाभळीकडून काढायला गेले. बायका ओरडल्या. पुढचं आई बोललीच नाही. भांड्यातलं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं, ते तिला कळलं नाही. मग म्हणाली, गाडी पुढं जाऊन खडीच्या ढिगात रुतली, आणि सगळ्या बायका हातात होत्या त्याच हातोड्या घेऊन धावल्या. गाडीच्या आत हात कुणी घातला नाही. गाडीला मारत राहिल्या. आबा आत स्टिअरिंगचं चाक धरून बसले होते, ना उतरले, ना ओरडले. शेवटी अनसाबाईनं हातोडी त्यांच्या डोक्यावर उचलली. आणि ती आईनं धरली. माझ्या आईनं.

संध्याकाळच्या आत गावातली मोठी माणसं आली. पोरीला पान लागलं असं ठरलं. जी बाई वेगळं बोलेल तिचं नाव कामावरून जाईल असंही ठरलं. त्या कामावर सुकडी मिळायची, सत्या, आणि घरोघरी तेवढंच खायला होतं. कुणी बोललं नाही. माझे वडील आईला घेऊन दौंडला आले आणि रेल्वेत हमालीला लागले. वडील ह्या विषयावर एक अक्षर न काढता गेले.

मी गॅरेज बंद केलं आणि नुसता बसून राहिलो. मला आईचा राग आला, खरंच. आठवीपासून दहावीपर्यंत तू तुझ्या आत्याकडं इथं राहायचास आणि निम्मी जेवणं आमच्याकडं करायचास. मी आईला विचारलं, सत्या कुणाचा आहे हे तुला माहीत होतं? तर म्हणाली, "आडनाव ऐकलं तवाच कळलं." मग त्याला जेवायला कशी वाढत होतीस? माझ्याकडं बघत राहिली, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. म्हणाली, "त्याला भूक लागायची." एवढंच. मला अजून ह्या उत्तराचं काय करावं कळत नाही. तुला कळलं तर सांग.

पुढं काय करायचं ते मी ठरवायच्या आत आबाच इथं आले. शेड रिकामी दिसल्यावर त्यांनी काकूंना विचारलं, आणि काकूंना काय ठाऊक, त्यांनी हसत हसत सगळं सांगून टाकलं. आबा ड्रायव्हरला घेऊन तसेच निघाले. तू नेहमी म्हणायचास, आमचे आबा एवढे बागायतदार, पण आयुष्यात कधी चाकाला हात लावला नाही, पाठ दुखते म्हणतात. ते गॅरेजच्या दारात आले तेव्हा आई आत होती. त्या दिवसापासून ती रोजच यायला लागली होती. गाडीजवळ बसायची आणि जायची.

आबांनी आधी गाडी बघितली. उघडा पत्रा बघून त्यांचं तोंड राखेसारखं झालं. मी तुझा मित्र, एवढंच त्यांना माहीत. मी कुणाचा ते त्यांना माहीत नव्हतं. मला म्हणाले, हे कुणी उघडं करायला सांगितलं? आणि मग त्यांना आई दिसली. तीस वर्षांनी माणूस ओळखू येत नाही म्हणतात. त्यांनी ओळखलं. उभ्या जागी ते खाली बसले, तेलानं माखलेल्या फरशीवर, पांढऱ्या धोतरासकट. त्यांना हार्ट अटॅक आला असं वाटून मी धावलो, तर त्यांनी हातानं मला बाजूला केलं. आईला म्हणाले, "मी झोळ्या बघत होतो. झोळी वाचवत होतो. खाली रांगणारं लेकरू दिसलं नाही मला." मग एकदम मोठ्यानं म्हणाले, "हातोडी का धरलीत तुम्ही? नसती धरली तर सुटलो असतो मी." माझ्या आईला "तुम्ही" म्हणाले.

मला मनातून वाटत होतं, आईनं दया केली असेल. एवढा तरणा पोरगा, म्हणून हात धरला असेल. आई म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाई धरली, पोपटराव. अनसाबाईची पोरं ल्हान व्हती. ती फासावर गेली असती तर त्यांना कुणी बघितलं असतं?"

आबा रडले, सत्या. मी आजवर असं कुणी रडताना बघितलं नाही. मी बाहेर जाऊन ड्रायव्हरला चहाला पाठवलं. परत आलो तेव्हा आबा विचारत होते की मी काय करू, सांगा. जमीन, घर, काय हवं ते सांगा. आई म्हणाली, "गाडीचं मी कवातरी इसरीन. न दिसलेलं लेकरू, व्हतं माणसाच्या हातून. पर साप तुम्ही आणला. माझ्या पोरीला साप न्हवता चावला." आणि मग, आवाज जराही न चढवता: "न्हावऱ्यात माणसांम्होरं उभं राहून एवढं सांगा. दुसरं काय बी नको."

आबा उठून गाडीपाशी गेले. त्या प्रकारानंतर तुझ्या आजोबांनी पुण्याहून माणूस आणून शेडमध्येच पुट्टी भरून घेतली आणि गाडी विकायला काढली, पण गिऱ्हाईक बघायला आलं की आबाच काहीतरी बोलून त्याला परत पाठवायचे. हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं, जाता जाता. का परत पाठवायचे ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

तू मला मघापासून विचारत असशील की आता पत्रा सरळ करणार का नाही. मी हातोडी आणि डॉली, पत्र्यामागं धरायचा तो लोखंडी ठोकळा, घेऊन दोनदा उभा राहिलो. दारावरचा एक घाव काढायचा म्हणून पत्र्याच्या मागं डॉली लावली आणि हात वर उचललाच जाईना. आयुष्यभर मी पोचे काढत आलो, दुसरं काही येत नाही मला. पण आईच्या हातचा घाव मी कसा सपाट करू? आई म्हणते, काढ की, पत्र्यावर कसला राग. मला जमणार नाही. दुसऱ्या डेंटरकडं द्यायची असेल तर तू कळव, मी स्वतः पोचवीन. गाडी तुमची आहे.

पण हे पत्र गाडीसाठी लिहिलेलं नाही. आबांनी आईला हो म्हटलंय. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याच्या चावडीसमोर, सगळं गाव दिवाळीला आलेलं असताना, ते सांगणार आहेत. काकूंना त्यांनी सांगितलं. काकू तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीत. तुला सांगायला ते दोनदा फोनपाशी बसले आणि उठले. शेवटी काल माझ्याकडं येऊन म्हणाले, नवनाथ, सत्याला गावाच्या आधी कळलं पाहिजे, आणि माझ्या तोंडून निघत नाही, तू लिही. ज्याच्या बहिणीवरून गाडी गेली त्यानंच हे लिहावं असं त्यांना कसं म्हणवलं, ह्याचा मी रात्रभर राग केला, आणि सकाळी लिहायला बसलो. आता तू ये किंवा येऊ नकोस, ते सांगणार आहेत. आलास तर आईला न्यायला गाडी पाठवू नकोस, ती एसटीनं येणार म्हणते. तू आबांच्या शेजारी उभा राहा, त्यांना तिथं कुणीतरी लागेल. मी आईच्या शेजारी असेन. आपण समोरासमोर येऊ, आणि मला तुझ्याकडं बघवेल का नाही ते मला आत्ता माहीत नाही. तरी ये.

हा शब्द लिहू का नको असं बराच वेळ झालं, पण दुसरा सुचत नाही,

तुझाच
नवनाथ