वडिलांच्या सपाता आणि माझ्या बुटांच्या टाचा

स्मोल्निक, पोहोर्ये
फेब्रुवारीचा दुसरा रविवार

ती. विटोमिरदादास,

धाकट्या झ्वोन्काचा डोंगरावरून समुद्रापर्यंत पोहोचेल इतका मोठा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इझोलाचा खारा वारा सांध्यांना मानवतो असं तू म्हणतोस, पण गेल्या उन्हाळ्यात इथे आलास तेव्हा जिना उतरताना पायरीगणिक एका संताचं नाव घेत होतास, ते मी ऐकलं. आईची तब्येत उत्तम. कानाने कमी ऐकते, पण फक्त कामाचं. (तळघरातून बटाटे आण म्हटलं तर ऐकू येत नाही, शेजारच्या सुनेचं भांडण भिंतीतून ऐकू येतं.) अक्रोडाची गोड पोटिका तिने तुझ्यासाठी केली होती, ती तुझी आठवण काढत आम्हीच खाल्ली. एकूण सगळं क्षेम आहे. क्षेम नाहीत त्या माझ्या टाचा. पायाच्या नव्हेत, बुटाच्या.

तुला ठाऊक नसेल, पण स्कीच्या लिफ्टजवळ आपण गाडी लावायचो ती जागा आता नव्या हॉटेलने घेतली. गाड्या खाली लाकूड गिरणीपाशी लावायच्या आणि तिथून सातशे पावलं डांबरी रस्त्याने वर चढायचं. मऊ बुटांतली तरुण पोरं मांजरासारखी निघून जातात. आपले मात्र ते जुने टणक बूट! घोटा वाकत नाही, तळवा वाकत नाही, सगळा भार टाचेवर, आणि टाच बापडी प्लास्टिकची. रस्त्यावर बर्फासाठी मीठ आणि खडी टाकलेली. दोन हिवाळ्यांत टाचा अशा झिजल्या, जसं किसणीवर जुनं चीज. आणि त्या टाचेच्या कडेवरच तर स्कीच्या फळीची तार अडकते. कड गेली की तार ढिली, तार ढिली की बाई एकीकडे आणि फळी दुसरीकडे. नव्या टाचा मिळतील म्हणशील, तर आपल्या बुटांच्या टाचा बनवणं बंद होऊनच वीस वर्षं झाली. म्हणजे आहेत त्या जपायच्या.

पहिला उपाय तुझ्या मेहुण्याने केला. स्रेच्कोने सायकलचा जुना टायर कापून दोन खूर तयार केले आणि माझ्या टाचांना दोरीने बांधले. (बेकरीवाल्याचा मुलगा. पीठ सोडून कशालाही हात लावला की असंच होतं.) शंभर पावलं छान गेली. मग उजवा खूर फिरून पुढे आला आणि मी पाठीमागच्या एका ऑस्ट्रियन गृहस्थांच्या मांडीवर बसले. ते रस्त्यात मांडी घालून बसले नव्हते, माझ्यामुळे बसले. सभ्य माणूस, टोपी काढून आपलं नाव सांगितलं.

मग आई मदतीला धावली. दाराशी पाहुण्यांसाठी सपाता ठेवतो ना आपण, त्या ढिगाच्या तळातून तिने वडिलांच्या लोकरी सपाता काढल्या, सत्तेचाळीस नंबरच्या. बुटांवर अशा बसल्या, जणू मापाने शिवलेल्या. आईचे डोळे भरून आले. म्हणाली, ‘‘बघ, तुझे वडील अजून उपयोगी पडतात.’’ आता सांग, यानंतर कोण नाही म्हणणार? तशीच निघाले. सातशे पावलांत सत्तर लोकांनी विचारलं असेल. गिरणीवाला यर्ने तर करवत थांबवून ओरडला, ‘‘काय गं झ्वोन्का, घसरायला निघालीस की झोपायला?’’ मी म्हटलं, ‘‘झोपायलाच, वरती थंड हवा असते.’’ पण खरी फजिती लिफ्टच्या रांगेत झाली. लोकर रस्त्यावरचा चिखल पिऊन बसली होती, रांगेत उभी राहिले तोवर तिचा बर्फ झाला आणि सपाता जमिनीला चिकटल्या. रांग पुढे सरकली, मी सरकले नाही. मागून एका पोराची फळी लागली, त्याच्यामागे त्याची आई, तिच्यामागे एक अख्खी शाळा. शेवटी सपातांतून पाय उपसून काढले. सपाता तिथेच राहिल्या, दोन्ही पुढे तोंड करून, वडील रांगेत उभे असल्यासारख्या. तुला सांगते दादा, आधी खूप हसू आलं आणि मग आलं नाही. लिफ्टवाल्याने फावड्याने खरवडून दिल्या. आता त्या चुलीवर वाळताहेत, आणि आई माझ्याशी बोलत नाही.

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग शून्य, कारण जी कड जायची ती आधीच गेली होती. जानेवारीत पंचेचाळिशीच्या वरच्यांची शर्यत झाली. (आम्ही तिला गुडघ्यांचं संमेलन म्हणतो.) झेंड्यांची सहा फाटकं मी अशी घेतली की बर्फावर रेघ उमटावी. सातव्या फाटकाला डावी टाच तारेतून सुटली आणि मी उरलेला उतार पोटावरून पार केला. कर्ण्यावर बोलायला स्रेच्को होता. त्याने गंभीरपणे जाहीर केलं, ‘‘ही जी बाई येते आहे, तिच्याशी माझा काही संबंध नाही.’’

सगळे हसले, मीही हसले. पण तिथे पडल्या पडल्या वर पाहिलं तर तेच सातवं फाटक, तीच कडेची दोन स्प्रूसची झाडं. त्र्याण्णव साली तू पडलास ते तिथेच. मग मला उठवेना.

आठवतं ना रे, त्या हिवाळ्यात स्की क्लबात आपण अकरा जण होतो आणि सगळ्या गावाला आपण खुळे वाटायचो. फेर्डो मास्तर सकाळी गोठ्याच्या दाराशी उभे राहायचे आणि एकेकाचा बूट उलटा करून बघायचे, घोड्याचा खूर बघावा तसा. बूट गळ्यात दोरीने अडकवायचे, पायांत लाकडी खडावा घालायच्या, उतारापर्यंत तसंच जायचं. कोणी बूट घालून दगडावर पाऊल ठेवलं की म्हणायचे, ‘‘टाच दातासारखी असते बाळा. एकदा गेली की हसायची सोय राहत नाही.’’ शर्यत झाल्यावर त्यांच्या बायकोच्या, मारियाच्या हातची गव्हाच्या दलियाची खीर, आणि मोज्यांचा तो वास! आता वासाचीही आठवण येते, यावरून माझं वय ओळख.

तुझे बूट लाल होते. गावातले पहिले. त्या दिवशी राष्ट्रीय संघाची निवड होती आणि पहिल्या सहा फाटकांत तूच सगळ्यांत पुढे होतास. सातव्याला पडलास. खाली येऊन सगळ्यांदेखत मास्तरांना म्हणालास, ‘‘तुम्ही तार आवळली नाहीत. तुम्ही माझं वाटोळं केलंत.’’ मास्तरांनी टोपी काढली, परत घातली आणि घराकडे वळले. वसंतात तू समुद्राकडे गेलास. बत्तीस वर्षं झाली. उन्हाळ्यात येतोस, पण त्यांच्या घरावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जातोस.

दादा, आता जे लिहिते ते वाचण्याआधी बस. तू गिरणीत कामाला जायचास तेव्हा शर्यतीआधीचे आठ दिवस मी तुझे लाल बूट घालून पाव आणायला जात होते. दोन जोड मोजे घातले की बसायचे. जाताना खडीचा रस्ता, येताना खडीचा रस्ता. पाव लागत नव्हता. बेकरीच्या खिडकीत स्रेच्को उभा असायचा आणि टक टक टक आवाज आला की मान वर करायचा. चौथ्या दिवशी मास्तरांनी पाहिलं. एवढंच म्हणाले, ‘‘झ्वोन्का, गळ्यात, दोरीने.’’ मी मान हलवली आणि वळण गेल्यावर पुन्हा घातले. तुझ्या टाचा मी झिजवल्या. मला नवरा मिळाला आणि तुझा संघ गेला. सतरा वर्षांची होते ही सबब एकोणपन्नासाव्या वर्षी पुरत नाही. मास्तरांवरचा राग माझ्यावर काढ. कमी पडला तर थोडा स्रेच्कोवर काढ, तो तयार आहे.

आईचा आशीर्वाद (माझ्याकरवी नाही, तिने थेट तुलाच पाठवला आहे).

तुझी अपराधी,
झ्वोन्का

ता. क. पाकीट बंद करण्याआधी मनाशी म्हटलं, आधी मास्तरांसमोर कबूल करावं, म्हणून गेले. शहाऐंशी वर्षांचे आहेत, चुलीजवळच्या बाकावर बसून असतात. सगळं ऐकून घेतलं आणि इतके हसले की मारियाला पाणी आणावं लागलं. म्हणाले, ‘‘अगं वेडे, शर्यतीच्या सकाळी मी त्याचा बूट उलटा करून पाहिला नसेन का? तुझा पराक्रम दिसला. माझ्या बुटांच्या टाचा काढून त्याला बसवल्या, तार स्वतः आवळली. टाच सुटून तो पडला नाही. तो पडला आणि मग टाच सुटली. गुडघे ताठ केले त्याने. जिंकतोय असं दिसलं की माणूस गुडघे ताठ करतो.’’ मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललात? तर म्हणाले, ‘‘वीस वर्षांच्या पोराला सगळ्या गावासमोर तुझंच चुकलं म्हणू? आणि टाचांचं बोललो असतो तर तुझं नाव निघालं असतं. तारेवर ढकललेलं बरं. तारेला गावात राहायचं नसतं.’’ तेव्हा वरची कबुली रद्द समज. खोडत नाही, कारण लिहायला दोन दिवस लागले.

ता. ता. क. महिनाअखेरीस त्यांची मुलगी दोघांना मारिबोरला घेऊन जाते आहे, घर बंद होईल. मी निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन विचारलं, ‘‘विटो अजून रागावला आहे का गं माझ्यावर?’’ मी म्हटलं, त्यालाच विचारते. म्हणून प्रश्न तसाच तुझ्याकडे पाठवते. उत्तर पोस्टाने पाठवू नकोस.