दाण्यातली साखर

बाबा,

हे लिहायचं मी किती वर्षं टाळलं ते सांगायचीही लाज वाटते. कधी वही नव्हती, कधी पेनात शाई नव्हती. एकदा सगळं होतं, तर बाहेर कोणाचा तरी बैल सुटला म्हणून धरायला गेलो आणि संध्याकाळपर्यंत परत आलोच नाही. तुम्ही म्हणायचात, "ह्याच्या पायाले भिंगरी हाये." आहेच. तुम्ही गेल्यावर मी ट्रकवर क्लीनर होतो, सर्कशीत तीन महिने घोडे धुतले, पुण्याकडं शर्यतीच्या घोड्यांची पैदास करतात तिथं दोन वर्षं काढली. आता परत आपल्या मुलखात आलोय, केनवडजवळ एका मोठ्या शेतकऱ्याकडं. त्याची दोन शिंगरं आहेत. त्यांचा दाणा मी मोजून देतो. मी. हे ऐकून तुम्ही काय केलं असतं, याचाच विचार करत बसतो.

मला आपलं शिंगरू आठवतं. तुमची टांग्याची घोडी म्हातारी झाली होती, कारंज्याच्या स्टँडवरून बाजारापर्यंत जातानाच तिला धाप लागायची. तिचं ते शेवटचं पिल्लू. तुम्ही सगळा जीव त्याच्यावर ठेवला होता, कारण दुसरं घोडं घ्यायची आपली ऐपत नव्हती आणि टांगा थांबला तर घर थांबणार होतं. मी त्या वर्षी मॅट्रिक नापास झालो होतो. तुम्ही रागावला नाही. फक्त तोबरा, म्हणजे ती दाण्याची पिशवी, माझ्या हातात दिली आणि म्हणालात, "पुस्तक नाई तर नाई, हे सांभाळ." मग दाखवलं: दोन मुठी भिजवलेला हरभरा, ओंजळभर कोंडा, आधी पोटभर कडबा आणि मगच दाणा. "ज्वारी नाई द्याची. अन् गुळाले तर हातच लावू नको." मी विचारलं, "काहून?" तुम्ही म्हणालात, "माह्या बापानं नाई देल्ली, म्हून मी नाई देत."

एवढ्यानं माझं समाधान होणार होतं का? स्टँडवर टांगेवाले शिंगराची चेष्टा करायचे. एक तर रोज म्हणायचा, "काय बे, बकरी कितीले देतं?" दुसरा म्हणायचा, "टांग्याले जुपाच्या आधी दूध काढून घेजो!" सगळे हसायचे, तुम्हीसुद्धा हसायचात. मला मात्र ते लागायचं. शिंगरू दीड वर्षाचं, बरगड्या मोजता येत होत्या. आता कळतं, त्या वयात ते तसंच असायला हवं होतं. मी आषाढापासून तुमच्या नकळत त्याला ज्वारी भरडून द्यायला लागलो, वरून गुळाचा खडा. दीड महिन्यात त्याची कातडी तेल लावल्यासारखी चमकायला लागली, मान भरली. तुम्ही त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणालात, "पोराच्या हाताले गुण हाये." बाबा, त्या वाक्यानं मी आणखी एक ओंजळ वाढवली.

मग पोळा आला. आपल्याकडं बैल नव्हते. गल्लीत सगळ्यांच्या बैलांना ठोंबरा, पुरणपोळ्या, शिंगांना बेगड, आणि आपल्या दाराशी काहीच नाही. मी शिंगराच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि त्याला घेऊन बैलांच्या मागून घरोघर फिरलो. बायकांना कौतुक वाटलं. "हे बी जनावरच हाये, बिचारं," म्हणत त्यांनी ओवाळलं आणि शिजवलेल्या ज्वारीचा तो ठोंबरा पाटीभर पुढं केला. पुरणपोळ्या तर मीच भरवल्या, चार की पाच. लोक बघत होते, मला फार भारी वाटत होतं.

सकाळी ते उठेना. कसंबसं उभं केलं तर पुढचे पाय लांब टाकून मागं रेललं, जसं काही जमीनच पोळतेय. खूर हाताला तव्यासारखे लागत होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही. चार दिवसांपूर्वी नालबंद चाचांनी रापीनं त्याचे खूर तासले होते, तुमच्या मनात तेवढंच आलं. चाचा म्हणजे तुमचा वीस वर्षांपासूनचा दोस्त, तुमच्याशिवाय चहा न पिणारा माणूस. ते आले, मटकन खाली बसले, खुरावर तळवा ठेवला. म्हणाले, "भाई, हे माह्या रापीचं काम नाई. यानं जादा खाल्लं. पोराले विचार."

तुम्ही वळून विचारलं, "का रे, किती देल्ला दाणा?"

"तुमी सांगतला तेवढाच," मी म्हणालो. माळ अजून त्याच्या गळ्यात होती.

चाचा माझ्याकडं बघत राहिले. त्यांना कळलं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पक्कं सांगतं ना बेटा?" मी मान डोलावली. मग तुम्ही त्यांना जे बोललात ते मी इथं लिहीत नाही. स्टँडवरही तुम्ही सगळ्यांना सांगितलं, याच्याकडं घोडं नेऊ नका, खोल कापतो आणि पोरावर ढकलतो. तुमचा शब्द चालायचा. दिवाळीपर्यंत चाचांचं दुकान बंद पडलं आणि ते बायकापोरांना घेऊन गाव सोडून गेले. शिंगरू कधीच टांग्याला लागलं नाही. घोडी पार थकली, टांगा थांबला, तुम्ही सरकीची पोती उचलायला जाऊ लागलात, आणि संध्याकाळी येऊन त्या लंगड्याला कडबा टाकायचात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तोपर्यंत रोज संध्याकाळी मला सांगता आलं असतं.

पुण्याकडं मला खरं कळलं. तिथं घोड्यांचे एक म्हातारे डॉक्टर होते. शिंगरांचा दाणा मी वाढवून टाकताना त्यांनी पाहिलं. ओरडले नाहीत. चार दाणे ज्वारी माझ्या तोंडात टाकली आणि म्हणाले, "चाव. गिळू नकोस." मी चावत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "आता कसं लागतंय?" म्हटलं, "गोड." "मग गूळ कोणी घातला?" दाण्यातल्या पिठाचीच साखर होते, म्हणाले. गूळ दिसतो, ही दिसत नाही, म्हणून माणूस फसतो. कोवळ्या घोड्याला एका वेळी थोडंच पचतं. उरलेलं मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि त्याचा जाळ खुरांत उतरतो. आणि अंगावर मांस आधी चढलं की खालची कच्ची हाडंही वाकतात. हरभऱ्यात ते पीठ ज्वारीपेक्षा कमी, तेही मूठभर, तेही चाऱ्यानंतर. अगदी तुमचंच माप, बाबा. मी बाहेर जाऊन थुंकलो, पण ती गोडी काही केल्या जाईना.

मागच्या आठवड्यात कारंज्याला कडबा बघायला गेलो होतो. स्टँडवर भजी घेत होतो आणि समोर चाचा, गावात परत कधी आले ठाऊक नाही. दाढी पांढरी, हातात पिशवी. त्यांनी मला ओळखलं, हात वर केला. मी भजी तिथंच टाकून निघालेल्या एसटीत चढलो. कुठं जाते तेही पाहिलं नाही. कामरगावला उतरलो आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. तेव्हा ठरवलं, आता तुम्हाला लिहायचंच. हे टाकायचं कुठं, तो पत्ता कोणाकडंच नाही. तुम्ही उलटून काही विचारणार नाही, म्हणूनही लिहायला सोपं गेलं असेल.

आत्ता फाटकाशी कोणीतरी आलंय. मालक विचारताहेत, कोण पाहिजे. "कारंज्याच्या टांगेवाल्याचं पोरगं इथंच राह्यते ना?" आवाज चाचांचा आहे. कोणाला विचारत इतक्या लांब आले, कोण जाणे. "स्टँडवर मले पाहून पयालं ते," म्हणताहेत, "म्हटलं, जाऊन पाहावं, बिमार-गिमार तं नाई ना." मालक मला हाक मारताहेत, दुसऱ्यांदा.

आवाज ओळखूनसुद्धा मी अजून लिहीतच बसलोय.