तीन ओळींचे कार्ड

काष्टी, ता. श्रीगोंदा
सोमवार, १३ जानेवारी २०२५ (भोगी)

तीर्थस्वरूप अक्कास,
सूर्यभानचा साष्टांग नमस्कार.

येथे आई आणि मी बरे आहोत. थंडी पुष्कळ आहे. दिवाळीपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो. तुझ्या निकिताच्या बारावीसाठी उजळणीचा तक्ता सोबत जोडला आहे. रोज दोन रकाने झाले तरी पुरे.

माझ्या प्रबंधाविषयी थोडे सांगतो, कंटाळू नकोस. माझा कादंबरीकार एकोणिसाव्या शतकातला. तो सात वर्षांचा असताना त्याची आई वारली. आणि गंमत पाहा, त्याच्या पाचही कादंबऱ्यांत एक आई मुलाचे ताट झाकून उपाशी बसलेली आढळते. मूल मोठे होते, त्याला मिशा फुटतात, तरी ते ताट तिथेच! जे त्याला लाभले नाही ते त्याने पाच वेळा रचले, आणि त्याच्या प्रत्येक नायकाला ते जड झाले. किती विलक्षण आहे हे!

अशा प्रत्येक प्रसंगाचे मी एक कार्ड केले. वर मथळा, खाली तीन ओळींचे अवतरण. ‘आईची पकड’ या मथळ्याखाली बारा कार्डे जमली, आणि त्यांवर माझे तिसरे प्रकरण उभे राहिले.

गेल्या आठवड्यात अवतरणे मूळ पुस्तकांशी ताडून पाहत होतो. एका कार्डावर होते : “तुझ्याविना घास उतरत नाही.” पुस्तकात ती आई पुढे म्हणते, “पण तू नीघ. उतरेल हळूहळू.” आणि मुलगा निघत नाही. बारांपैकी नऊ कार्डांवर मी आईचे बोलणे असेच मध्ये तोडले आहे. कार्डावर तीनच ओळी मावतात, हे खरे. पण मला तेवढेच हवे होते, हे अधिक खरे.

प्रकरण पुन्हा लिहीन. त्याची चिंता नाही.

अक्का, दिवाळीत तू आईला कायमचे बेलापूरला बोलावलेस. तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तुम्हा दोघींचे बोलणे माझ्यामार्फत होते. मी तुला कळवले, “आई म्हणते, न्हाई येत.” तू फोन ठेवलास. आईचे पूर्ण वाक्य असे होते : “आत्ता न्हाई येत. ह्यो पुन्याला गेला की दुसऱ्या दिशी येते, सांग तिला.”

मी अर्धेच सांगितले.

पुण्याच्या संशोधनसंस्थेचे दोन वर्षांसाठी बोलावणे आले आहे. हे तिसरे. आधी दोनदा ‘आईची प्रकृती’ असे कारण देऊन नकार कळवला. आता वीस तारखेपर्यंत होकार पोचला नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाईल. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. चौथे बोलावणे येणार नाही.

परवा आई ओसरीवर तीळ निवडत होती. तुझी आठवण काढून म्हणाली, “राजीचा काय निरोप?”

“नाही काही.”

“आन् तू कदी जातूस पुन्याला?”

“तुझी शुगर वाढली आहे, आई.”

“माझी शुगर मी घिऊन जाते की बेलापूरला. तितं काय दवाखाना न्हाई व्हय?” मग सूप खाली ठेवून म्हणाली, “तीस वर्सं तुजं ताट झाकून बसलीय, बाबा. गुडघं गेलं. तू यायचा थांबशील तवाच उठंन मी.”

ती पुन्हा तीळ निवडू लागली.

तीस वर्षे मी सर्वांना सांगत आलो की आई सोडत नाही. कॉलेजात, नातेवाइकांत, स्थळे घेऊन येणाऱ्यांना. तुलाही.

होकाराचे पत्र लिहून झाले आहे. ते घेऊन तीनदा टपालपेटीपर्यंत गेलो, आणि घरी ताट झाकलेले असेल म्हणून तीनदा परत आलो. शनिवारी तर पत्र पेटीत अर्धे शिरले होते.

म्हणून आज हे आणि होकाराचे, दोन्ही पाकिटे पोस्टात टाकायला आईच्या हाती देणार आहे. तिला वाचता येत नाही. कुठले पाकीट कुणाचे, ते मी सांगेन, या वेळी पूर्ण. येत्या रविवारी तू स्वतः ये. तिच्या कानाशी बसून विचार आणि तिचे उत्तर शेवटपर्यंत ऐक. मी तेव्हा खोलीत थांबणार नाही.

पोस्ट लांब आहे आणि ती सावकाश चालते. तिळाची भाकरी आणि भोगीची भाजी तिनेच सकाळी करून ठेवली आहे. तिचे ताट मी वाढून झाकले आहे. ती येईपर्यंत मी जेवणार नाही.

तुझ्या आईचे वाक्य अडीच महिने उशिरा पोचवणारा,
तुझा धाकटा भाऊ
सूर्यभान