पाच मुली आणि मानाची जोडी

पोळा, श्रावणी अमावस्या. रेणापूर.

सकाळी भाषांतराचं काम घेऊन बसले होते. आयर्लंडातल्या कुण्या उमराव घराण्याचा इतिहास. शेवटच्या उमरावाला पाच मुली होत्या, 'परंतु वारस नसल्याने किताब संपुष्टात आला'. वाक्य मीच मराठीत आणलं आणि पुढं गेले. तेव्हा काहीच टोचलं नाही.

संध्याकाळी बैलांना झुली घालून वेशीत नेलं. तोरणाखालून पहिली जोडी पाटलाची जाते. वडील, म्हणजे आमचे दादा, होते तोवर ती आमचीच असायची. यंदा दादा नाहीत, आणि आम्ही तिघी बहिणीच. मी कासरा धरून पुढं झाले, तर दादांचे सोबती नाना आले आणि त्यांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "पोरी, पाटलाचा मान दादासंगंच संपला. औंदा कुणीबी म्होरं जावं, असं ठरलंय." हळूच घेतला, तेच लागलं. ओरडले असते तर मीही भांडले असते.

त्या पाच मुलींची नावं काय असतील? परत येऊन सगळा मजकूर पुन्हा वाचला. उमरावाच्या घोड्याचं नाव आहे, मुलींची नाहीत.

नंतर आईनं बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली. सर्जाला कुंकू लावताना त्याच्याशीच बोलली, "यंदा मागं राहिलास रं. काय करू, माझ्या पोटी कुणीच न्हाई झालं."

ओवाळायचं ताट माझ्या हातात होतं.