मेट्रिओरिंकसची शेपटी सरळ केली

३ जून
संग्रहालयात लागलो. ताईने तिथल्या बाईंकडे शब्द टाकला म्हणून. महिनाभर कच्चा, मग पक्का. ताईला म्हटलं, या वेळी टिकतो, तुझी मान खाली जाणार नाही. भाऊजी म्हणाले, हे सातव्यांदा ऐकतोय. सहाव्यांदा! चहाच्या कंपनीत मी नुसता चौकशीला गेलो होतो.

४ जून
माझ्याकडे मेट्रिओरिंकसची हाडं. मगरीचा लांबचा नातेवाईक, कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेला. गडी जमीन सोडून समुद्रात गेला तो तिथलाच झाला. पायांची वल्ही झाली, पाठीवरचं चिलखत गेलं. आमचं जमणार. नाव जिभेवर चढत नाही, म्हणून मेट्रोजीराव.
संकल्प : त्याच्यावरचं जाडं पुस्तक, रोज दहा पानं.

५ जून
पहिल्या पानावर समुद्र आला. त्यावरून जहाज आठवलं. जहाजावर नोकरी कशी मिळते ते शोधण्यात दुपार गेली. उद्या वीस पानं.

९ जून
बाईंनी मऊ ब्रश दिला. फक्त धूळ काढायची, असं दोनदा बजावलं. मला एकदा सांगितलेलं कळतं.
पुस्तक : साठेक पानं थकली. रविवारी एकदम.

११ जून
शेपटीच्या एकेचाळीस मणक्यांवर कुणीतरी शाईने बारीक आकडे गिरवून ठेवलेत. लोकांना कशाची किंमत म्हणून नाही. थिनर आणून एकेक पुसला. कापूस काळा, मन प्रसन्न. धुळीतच मोडतं हे.

१२ जून, दुपारी १.२०
बाई जेवायला गेल्यात. आत्ता लक्षात आलं, शेपटी टोकाकडे खाली वाकलीय! वाळूच्या ट्रेमध्ये मांडताना कुणाचा तरी हात हलला असणार. सगळे मणके उचलले, पट्टी लावून सरळ रांगेत बसवले. चार जरा तिरक्या घडणीचे, ऐकेनात. मध्ये कुठेतरी मिसळून टाकले.
पक्कं झाल्यावर लगेच पगारवाढ मागावी का? नको. दोन महिने थांबू.

१५ जून
उद्या परगावचे तज्ज्ञ येणार, खास शेपटी बघायला. बाईंना काही बोललो नाही. सरप्राइज.

१६ जून
बाईंनी कापड काढलं. तज्ज्ञ चष्मा पुसून पुन्हा वाकले. कौतुकाला वेळ लागतो. मग बाईंनी विचारलं, नंबर कुठायत? म्हटलं, ते डाग होय, काढले की. बाई स्टुलावर बसल्या.
एकूण समजलं ते असं : शेपटी वाकडीच असते. टोकाला माशासारखा पंख होता, त्याच्या जोरावर तो पोहायचा. आणि ते आकडे म्हणजे मणक्यांचा क्रम. पुस्तकात आठव्या पानावर आहे म्हणे.
एका माणसाने विज्ञानाचं इतकं नुकसान क्वचितच केलं असेल. घाम फुटला, पण जरा भव्यही वाटलं.

१७ जून
तज्ज्ञांनी मणके नुसते हातात फिरवून बघितले आणि शीळ घालत पन्नास मिनिटांत जागच्या जागी लावले. माझं नावसुद्धा विचारलं नाही. बाईंनी ओळखपत्र काढून घेतलं.
घरी ताईला म्हटलं, मीच सोडली, साचेबंद काम आहे, माझ्यासारख्याचं तिथे काय. भाजी चिरता चिरता तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाईंचा फोन दुपारीच येऊन गेला, हात धुऊन घे.